घटक ५ : साक्ष आणि स्मृती – संकटकाळातील ख्रिस्ती श्रद्धेचे दोन मराठी आविष्कार

५.१ उद्दिष्टे

विद्यार्थी मित्रांनो, या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला 'साक्ष' या लेखनप्रकाराचे स्वरूप सांगता येईल. पंडिता रमाबाई आणि लक्ष्मीबाई टिळक यांच्या आत्मपर लेखनात संकट आणि श्रद्धा यांचे नाते कसे उलगडते ते स्पष्ट करता येईल. तसेच धर्मश्रद्धेतून आलेल्या लेखनाचा साहित्य म्हणून विचार कसा करावा, याविषयी स्वतःचे मत मांडता येईल.

५.२ प्रास्ताविक

मागील घटकात आपण एकोणिसाव्या शतकातील मराठी आत्मचरित्राची जडणघडण पाहिली. प्रस्तुत घटकात त्याच काळातील एका वेगळ्या प्रवाहाकडे वळायचे आहे. मराठी ख्रिस्ती साहित्याची परंपरा जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. अहमदनगर येथे १८४२ साली 'ज्ञानोदय' हे नियतकालिक सुरू झाले, तर बाबा पदमनजी यांची 'यमुनापर्यटन' ही कादंबरी १८५७ साली प्रसिद्ध झाली. या परंपरेचा मोठा भाग प्रचाराचा, खंडनमंडनाचा आणि उपदेशाचा आहे, आणि तो आज फारसा वाचला जात नाही. वाचला जातो तो वेगळा भाग. एखाद्या व्यक्तीवर आयुष्यात घाला पडला, जुने आधार तुटले आणि नवा आधार सापडला (किंवा सापडेपर्यंत फार काळ गेला), त्याचे निवेदन वाचकाला धर्मभेद ओलांडून धरून ठेवते.

येथे एक गैरसमज आरंभीच दूर करू. संकटात सापडलेल्या माणसाला श्रद्धेने धीर मिळतो, असे आपण सहज म्हणतो. या विधानातून असे चित्र उभे राहते की दुःख होते, श्रद्धा आली आणि दुःख निवले. ज्या दोन लेखिकांचा आपण विचार करणार आहोत त्यांच्या लेखनात असे घडत नाही. रमाबाईंचे दुःख बाप्तिस्म्यानंतरही संपले नाही, वाद तर वाढलेच. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत ख्रिस्ती धर्म हाच प्रथम संकट म्हणून घरात आला. मग या स्त्रियांना जे बळ मिळाले ते नेमके कोणते, आणि ते त्यांच्या लेखनात कोठे दिसते? या घटकाचा हाच मुख्य प्रश्न आहे.

५.३ 'साक्ष' : शब्द आणि लेखनप्रकार

'साक्ष' हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. साक्ष देणे, साक्ष काढणे, मनाची साक्ष असणे असे वाक्प्रचार आपण वापरतो. न्यायालयात साक्षीदाराकडून एकच अपेक्षा असते. त्याने ऐकीव गोष्टी सांगू नयेत, स्वतः पाहिलेले तेवढेच सांगावे. ख्रिस्ती परंपरेने हाच अर्थ धर्मजीवनात आणला. परमेश्वराने आपल्या आयुष्यात काय केले, हे मंडळीसमोर स्वतःच्या तोंडाने सांगणे म्हणजे साक्ष.

या प्रकाराचा ठरलेला आराखडा असतो. आधी अंधार, मग वळण, नंतर प्रकाश. सामान्य साक्षीत हा आराखडा इतका ठळक असतो की व्यक्ती त्यात हरवून जाते. दहा साक्षी वाचल्या तरी एकीचीच नक्कल वाटावी. चांगल्या साक्षीत मात्र आराखड्यात न मावणारे तपशील शिल्लक राहतात, आणि अभ्यासकाने आपले लक्ष तेथेच द्यावे. रमाबाईंनी आपले निवेदन प्रथम इंग्रजीत लिहिले. ते १९०७ साली केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यातून प्रसिद्ध झाले आणि मराठी वाचकाला ते 'माझी साक्ष' या नावाने परिचित आहे. त्यातील दुष्काळाची पाने वाचताना आराखड्याचे भान सुटते.

मराठी वाचकाला आत्मनिवेदन नवे नव्हते. सतराव्या शतकातील संत बहिणाबाईंनी आपल्या आयुष्याची हकीकत अभंगांतून सांगितली होती. तुकोबांच्या आयुष्यातही १६२९-३० च्या सुमाराच्या भीषण दुष्काळाला मध्यवर्ती स्थान आहे. व्यापार बुडाला, पहिली पत्नी आणि मुलगा गेले आणि त्या पडझडीतून विठ्ठलभक्तीची वाट दृढ झाली. रेव्हरंड नारायण वामन टिळक आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे सांगत, ते उगीच नव्हे. दुष्काळाने जुना संसार मोडावा आणि माणसाने देवाशी नव्याने हिशेब मांडावा, हा अनुभव मराठी मनाच्या परिचयाचा होता. रमाबाईंच्या हिशेबाचे उत्तर वेगळे आले, एवढाच फरक.

५.४ दुष्काळ आणि देवाचे मौन

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ येथील रानात, वडिलांनी उभारलेल्या आश्रमात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे गाढे विद्वान. स्त्रीला संस्कृत शिकविण्याचा आग्रह त्यांनी धरला, त्यासाठी धर्मपंडितांचा रोष पत्करला आणि पत्नी लक्ष्मीबाईंना शास्त्रे शिकविली. रमाबाईंच्या गुरू म्हणजे ही आईच. पुढे आश्रमाची आर्थिक घडी विसकटली आणि कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. देवळांत, घाटांवर पुराणे सांगावीत आणि श्रोते जे देतील त्यावर गुजराण करावी, असा त्यांचा क्रम होता. भिक्षा मागायची नाही, पोटासाठी अन्य काम करायचे नाही, हा पौराणिकाचा धर्म त्यांनी पाळला.

मद्रास इलाख्यातील दुष्काळाने १८७६-७७ मध्ये कळस गाठला, परंतु त्याची झळ त्यापूर्वीच काही वर्षे लागू लागली होती. डोंगरे कुटुंब त्यात सापडले. जवळचे पैसे, दागिने, भांडी अशी एकेक वस्तू गेली. उपास, दाने, अनुष्ठाने, देवदर्शने हे सारे शास्त्रात सांगितल्याप्रमाणे झाले. उत्तर मात्र आले नाही. ज्यांनी आयुष्यभर इतरांना पुराणांतील चमत्कार सांगितले त्यांच्याच वाट्याला हे मौन यावे, यातील विदारकता रमाबाई कोणताही आक्रोश न करता नोंदवितात. अखेर वडिलांनी जलसमाधीचा विचार केला. त्या वेळी मुलगा श्रीनिवास पुढे आला. आपण कोणतेही हलके काम करू, मजुरी करू, असे त्याने सांगितले. ज्या कुटुंबाने शरीरकष्टांचे काम कधी केले नव्हते त्याच्या दृष्टीने हा निर्णय जलसमाधीइतकाच मोठा होता.

पण उशीर झाला होता. काही महिन्यांच्या अंतराने आधी वडील, मग आई आणि नंतर थोरली बहीण गेली. आईच्या मृत्यूचा प्रसंग सर्वाधिक हलविणारा आहे. आईने भाकरीची इच्छा व्यक्त केली. रमाबाई शेजारणीच्या दारात गेल्या, परंतु मागण्यासाठी तोंडातून शब्द फुटेना. शेजारणीने ओळखून भाकरी दिली. ती आईला खाता आली नाही. प्रेत उचलायला माणसे मिळेनात. शेवटी दोन ब्राह्मण तयार झाले, तिसरा भाऊ आणि चौथ्या खांद्याच्या जागी रमाबाई. त्यांची उंची इतरांपेक्षा कमी पडली, म्हणून त्यांनी तिरडीचे टोक डोक्यावर घेतले.

विद्यार्थी मित्रांनो, या एका तपशिलापाशी थोडे थांबू. उंची कमी पडणे ही गोष्ट लेखिकेने टाळली असती तरी निवेदनात काही उणे राहिले नसते. साक्षीच्या आराखड्याला तिची गरज नाही. धर्मांतराच्या समर्थनार्थ तिचा काहीच उपयोग नाही. तरीही ती आहे, कारण ती घडली होती. तीस वर्षांहून अधिक काळ उलटल्यावर, जगभर नाव झाल्यावर, मोठी संस्था उभी केल्यावरही तिरडीचा भार कोठे पडला होता हे या बाईंना आठवत होते. उत्तम साक्षीदाराचे हे लक्षण आहे.

त्यानंतर बहीण-भाऊ हजारो मैल पायी हिंडले. पंजाबात झेलमच्या काठी थंडी असह्य झाली तेव्हा वाळूत खड्डे करून, डोके तेवढे बाहेर ठेवून, त्यांनी अंगावर कोरडी वाळू ओढून घेतली. १८७८ साली ते कलकत्त्यास पोहोचले. तेथे रमाबाईंच्या विद्वत्तेने पंडित थक्क झाले आणि त्यांना 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या मिळाल्या. परंतु विरोधाभास असा की, या गौरवाच्या काळातच स्त्रियांपुढे व्याख्याने देण्यासाठी धर्मशास्त्रांचा अभ्यास करताना स्त्री आणि शूद्र यांच्याविषयी शास्त्रे काय म्हणतात हे त्यांना स्पष्ट झाले. दुष्काळाने डळमळलेली श्रद्धा ग्रंथांनी निखळून पडली.

१८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जातिभेद मोडून नोंदणी विवाह केला. १८८१ मध्ये मनोरमेचा जन्म झाला आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पतीचेही निधन झाले. वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या आत आई, वडील, बहीण, भाऊ आणि पती असे सारे जवळचे आप्त त्यांनी गमावले होते.

५.५ बाप्तिस्मा : शेवट नव्हे

येथे वाचकाची अपेक्षा अशी असते की, इतके सोसलेल्या स्त्रीला ख्रिस्ताच्या चरणी विसावा मिळाला असेल आणि कथा तेथे पुरी झाली असेल. प्रत्यक्षात काय झाले ते पाहू. पुण्यात आर्य महिला समाजाची स्थापना आणि 'स्त्रीधर्मनीति' या पुस्तकाचे प्रकाशन करून १८८३ साली रमाबाई इंग्लंडला गेल्या. वैद्यकीचे शिक्षण घेण्याचा हेतू होता, पण ऐकू कमी येत असल्यामुळे तो सिद्धीस गेला नाही. वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या आश्रमात त्या राहिल्या. तेथेच त्यांच्यासोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी आपले जीवन संपविले. हा आघात ताजा असतानाच २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

या निर्णयामागे त्या स्वतः जे कारण सांगतात ते लक्षात घेण्याजोगे आहे. लंडनमधील फुलम येथे समाजाने 'पतित' ठरविलेल्या स्त्रियांसाठी भगिनींनी चालविलेले निवासगृह त्यांनी पाहिले. अशा स्त्रियांशी कोणी इतक्या मायेने वागते, हे त्यांना नवीन होते. असे का करता, असे विचारल्यावर त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची कथा सांगण्यात आली. फादर नेहेम्या गोऱ्हे यांच्या पत्रांनी तात्त्विक शंकांचे निरसन केले, हे खरे. पण प्रथम हलविले ते त्या निवासगृहाने. दुष्काळात ज्या देवाचे मौन त्यांनी अनुभवले होते, त्याचे उत्तर त्यांना सिद्धांतात सापडले नाही. टाकून दिलेल्या माणसाला कोणीतरी उचलून घेतले, या कृतीत त्यांना ते दिसले.

बाप्तिस्म्यानंतर मात्र त्या आज्ञाधारक शिष्या झाल्या नाहीत. सिस्टर जेराल्डीन आणि चेल्टनहॅम येथील डोरोथिया बील यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार १९७७ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला आहे. त्यात त्रैक्याच्या सिद्धांतापासून आहारापर्यंत अनेक बाबींवर त्या वाद घालतात. गळ्यातील क्रूसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, असा त्यांचा प्रश्न होता. आपल्या देशाला स्वतःची पवित्र भाषा असताना परक्या भाषेतील अक्षरे का वागवावीत? सिस्टर जेराल्डीन यांना हा उद्धटपणा वाटला. आज ती पत्रे वाचताना, ज्या स्त्रीने एका धर्मसत्तेपुढे मान तुकवली नाही ती दुसरीपुढे का तुकवील, असे मनात येते. ज्यांना श्रद्धा म्हणजे प्रश्नांना रजा असे वाटते त्यांनी ही पत्रे अवश्य वाचावीत.

आणखी एक गोष्ट 'माझी साक्ष'मध्ये त्या निःसंकोचपणे सांगतात. बाप्तिस्म्यानंतर जवळजवळ आठ वर्षांनी त्यांना जाणवले की, आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण ख्रिस्त आपल्याला भेटलेला नाही. बुद्धीने धर्म पटला होता, अंतःकरणाची तहान तशीच होती. १८९१ च्या सुमारास हा दुसरा, अधिक खोलवरचा पालट घडला असे त्या मानतात. प्रसिद्ध धर्मांतरितेने, जिच्याकडे मिशनांचे आणि विरोधकांचे सारखेच लक्ष होते, असे छापून सांगावे हे सोपे नव्हते.

५.६ पुन्हा दुष्काळ

अमेरिकेतील मदत मिळवून रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत 'शारदा सदन' उघडले. १८९० मध्ये ते पुण्यास आणले. सदनात धर्मशिक्षण द्यायचे नाही असे ठरले होते. परंतु रमाबाई आपल्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करीत आणि काही मुली तेथे येऊन बसत. यावरून वादळ उठले. 'केसरी'ने टीकेची झोड उठविली. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. या वादात दोन्ही बाजूंना आपापली कारणे होती. पालकांचा विश्वास हा संस्थेचा पायाच असतो, आणि प्रार्थनेचे दार लावून घेणे रमाबाईंच्या सदसद्विवेकाला मान्य नव्हते. अभ्यासकाने येथे घाईने न्यायाधीश होऊ नये.

खरी कसोटी तीन वर्षांनी आली. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई त्या वेळी चाळिशीच्या उंबरठ्यावर होत्या. दुष्काळी छावण्यांतील हाडांचे सापळे झालेली मुले आणि अनाथ मुलींना फसवून नेणारी माणसे पाहताना, वीस-बावीस वर्षांपूर्वीची आपली उपासमार त्यांना आठवली असे त्या लिहितात. आपल्या जुन्या जखमेकडे माणूस सहसा पाठ फिरवितो. ज्या गावात घरचे माणूस गेले त्या गावची वाटही टाळतो. रमाबाई मात्र त्याच अनुभवात पुन्हा चालत गेल्या. या वेळी त्यांच्या हातात भाकरी होती.

दुष्काळग्रस्त मुलींना घेऊन त्या पुण्यास आल्या. प्लेगमुळे शहरात इतक्या मुलींना ठेवणे शक्य नव्हते, म्हणून केडगाव येथील त्यांच्या शेतजमिनीवर आधी तात्पुरते निवारे आणि मग वसतिगृहे उभी राहिली. 'मुक्ती' नावाने ओळखली जाणारी ही संस्था १९०० च्या गुजरातमधील दुष्काळानंतर इतकी वाढली की तेथील रहिवाशांची संख्या दीड हजारावर गेली. शेती, गाईगुरे, विणकाम, छापखाना अशी कामे स्त्रियाच करीत. अंध मुलींना मनोरमाबाई ब्रेल लिपी शिकवीत. 'कृपासदन' नावाचा स्वतंत्र विभाग फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी होता. फुलमचे निवासगृह वाचकाला येथे आठवावे.

आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर येथे मिळू लागते. रमाबाईंना श्रद्धेने आईचा मृत्यू विसरायला लावला नाही. उलट, तो आठवत असतानाही त्याच्या ओझ्याखाली न चिरडता दुसऱ्याच्या उपयोगी पडण्याची ताकद दिली. 'माझी साक्ष'मधील दुष्काळाची पाने आणि केडगावची संस्था या दोन गोष्टी वेगळ्या काढून वाचल्या तर दोन्ही अपुऱ्या राहतात. मुक्तीचे पुढील धार्मिक वातावरण, विशेषतः १९०५ च्या आत्मिक जागृतीनंतरचे, अनेक सुधारकांना संकुचित वाटले. ती टीका विचारात घेण्यासारखी आहे. मात्र छावणीतून आणलेल्या मुलीच्या दृष्टीने पाहिले, तर तिचे वजन बदलते.

५.७ अखेरचे काम

रमाबाईंनी आयुष्याच्या अखेरच्या दीड दशकात हिब्रू आणि ग्रीक या भाषा शिकून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर केले. तत्कालीन प्रचलित भाषांतर संस्कृतप्रचुर होते. मुक्तीतील नुकत्याच अक्षरओळख झालेल्या कुणब्याच्या मुलीला ते समजत नसे, आणि त्यातील काही शब्दांना जुन्या दर्शनांचे अर्थ चिकटलेले होते. स्वतः संस्कृतच्या पंडिता असलेल्या बाईंनी आपली ही विद्या बाजूला ठेवून सोप्या मराठीचा आग्रह धरावा, याचे मराठी गद्याच्या अभ्यासकाला विशेष वाटले पाहिजे. मूळ भाषेतील शब्दाला चिकटून राहण्याच्या कटाक्षामुळे तिच्या वाक्यरचनेत काही ठिकाणी ओढाताण जाणवते. तरीही एका स्त्रीने मूळ भाषांतून केलेले, स्त्रियांनीच खिळे जुळवून छापलेले हे बायबल भाषांतराच्या इतिहासातील विलक्षण घटना आहे.

हे काम संपत आले असतानाच, जुलै १९२१ मध्ये, मनोरमाबाईंचे निधन झाले. ज्या मुलीला कडेवर घेऊन त्या वैधव्यातून उभ्या राहिल्या, जिच्यावर संस्थेची धुरा सोपवायची होती, तीही गेली. रमाबाईंनी मुद्रिते तपासण्याचे काम थांबविले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. संपूर्ण बायबल त्यानंतर, १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

५.८ लक्ष्मीबाई टिळक : दुसरी वाट

रमाबाई पंडिता होत्या. लक्ष्मीबाईंना शाळेचे तोंडही पाहायला मिळाले नव्हते; लग्नानंतर पतीकडून त्या अक्षरे शिकल्या. (आपल्यापैकी अनेकजण संसार, नोकरी, शेती सांभाळून वयाच्या तिशी-चाळिशीत पुन्हा पुस्तक हाती घेत आहात. लक्ष्मीबाईंचे 'स्मृतिचित्रे' हे आपल्याच बिरादरीतील बाईने लिहिलेले पुस्तक आहे असे समजून वाचावे.) जलालपूरच्या गोखल्यांच्या घरी, जेथे बाहेरून येणारी वस्तू धुऊन घेतल्याशिवाय उंबरठा ओलांडत नसे अशा सोवळ्यात, १८६८ साली त्यांचा जन्म झाला. अकराव्या-बाराव्या वर्षी त्यांचे लग्न नारायण वामन टिळकांशी झाले. हा मनुष्य कवी, उदार, लहरी आणि तापट होता.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळले. नवरा जिवंत असून घर मोडले, पदरी लहान दत्तू, आणि नातलगांच्या दयेवर दिवस काढायचे. पुढील चार-साडेचार वर्षांचा विरह हा 'स्मृतिचित्रे'तील सर्वांत दाट भाग आहे. त्यांचे पहिले पद्यलेखन याच दुःखातून झाले. पुढे त्या नगरला पतीकडे राहावयास गेल्या तेव्हाही धर्म त्यांचा, संसार दोघांचा, अशी व्यवस्था होती; पाणी वेगळे, चूल वेगळी.

त्यांच्यातील पालट वादविवादाने झाला नाही. एके दिवशी त्या स्वतःशीच विचार करू लागल्या की देवाने स्त्री आणि पुरुष निर्माण केले हे डोळ्यांना दिसते, पण जाती त्याने केल्याची खूण कोठे आहे? पशुपक्ष्यांत भेद दिसतात तसे माणसांत दिसत नाहीत. मग आपण हे सोवळे कोणासाठी सांभाळतो? सोवळे आधी मनातून गेले, मग हातातून गेले, आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. दुष्काळाच्या आणि प्लेगच्या त्या दिवसांत टिळकांचे घर अनाथ मुलांनी भरून गेले होते. ज्या हातांनी आयुष्यभर शिवाशिव पाळली त्याच हातांनी कोणाकोणाची मुले न्हाऊमाखू घातली जात होती.

रमाबाईंच्या आणि लक्ष्मीबाईंच्या शैलीतील फरक येथे लक्षात घ्यावा. रमाबाई गंभीर आहेत; त्यांच्या वाक्यामागे सतत एक उद्देश उभा असतो. लक्ष्मीबाई हसतात, आणि त्यांचा विनोद बहुतेक वेळा स्वतःवरच असतो. भुकेचे, अपमानाचे, भांडणाचे प्रसंग सांगतानाही त्यांना त्यातील विसंगती दिसते. काही समीक्षकांनी हा केवळ स्वभावविशेष मानला आहे. मला तो श्रद्धेचाही भाग वाटतो. आपल्या आयुष्याचा शेवटचा हिशेब आपल्या हाती नाही असे ज्याला मनापासून वाटते त्याला स्वतःकडे थोड्या अंतरावरून पाहता येते. देवाचे नाव पानोपानी न घेताही 'स्मृतिचित्रे' हे श्रद्धेचे पुस्तक आहे, आणि ख्रिस्ती नसलेल्या वाचकाला त्यात परके वाटत नाही, ते यामुळेच.

९ मे १९१९ रोजी टिळक गेले. त्यांचे 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य आरंभीचे सुमारे दहा अध्याय होऊन अपुरे राहिले होते. लक्ष्मीबाईंनी ते हाती घेतले आणि साठांहून अधिक अध्याय रचले. शोकावर उतारा म्हणून माणसे तीर्थयात्रा करतात, नातवंडांत रमतात. या बाईंनी पतीची राहिलेली ओवी पुढे चालविली. 'स्मृतिचित्रे'चे लेखनही पतीच्या चरित्रासाठी आठवणी लिहून काढण्याच्या निमित्ताने सुरू झाले आणि १९३४ पासून भागांनी प्रसिद्ध झाले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाईंचे निधन झाले. चौथा भाग त्यानंतर निघाला, आणि काव्याचा अखेरचा अध्याय मुलगा देवदत्त याने पुरा केला.

५.९ शब्दार्थ

साक्ष – स्वानुभवाचे जाहीर निवेदन. बाप्तिस्मा – ख्रिस्ती धर्मात प्रवेश करताना होणारा जलसंस्कार. शुभवर्तमान – ख्रिस्ताच्या जीवनाचे व उपदेशाचे वर्णन करणारे नव्या करारातील चार ग्रंथ. शोमरोनी – ख्रिस्तकाळी यहुदी लोक ज्यांच्याशी व्यवहार टाळीत अशा शोमरोन प्रांतातील. त्रैक्य – पिता, पुत्र व पवित्र आत्मा या तिघांत एकच परमेश्वर मानणारा सिद्धांत.

५.१० स्वाध्याय

अ) पुढील प्रश्नांची सुमारे शंभर शब्दांत उत्तरे लिहा.

१. 'साक्ष' या लेखनप्रकाराचा ठरलेला आराखडा कोणता? रमाबाईंच्या निवेदनातील कोणते तपशील त्या आराखड्यात मावत नाहीत?

२. रमाबाईंनी बायबलच्या भाषांतरासाठी सोप्या मराठीचा आग्रह का धरला?

आ) पुढील प्रश्नांची सुमारे चारशे शब्दांत उत्तरे लिहा.

१. 'बाप्तिस्मा हा रमाबाईंच्या आध्यात्मिक प्रवासाचा शेवट नव्हता.' या विधानाची पत्रव्यवहार आणि 'माझी साक्ष' यांच्या आधारे चर्चा करा.

२. लक्ष्मीबाई टिळकांच्या विनोदाचा त्यांच्या श्रद्धेशी संबंध आहे, हे मत आपल्याला पटते का? 'स्मृतिचित्रे'तील दोन प्रसंगांच्या आधारे लिहा.

इ) उपक्रम

आपल्या कुटुंबातील किंवा गावातील एखाद्या वृद्ध व्यक्तीला दुष्काळ, रोगाची साथ, स्थलांतर अशा एखाद्या कठीण काळाविषयी बोलते करा. त्या काळात तिला कशाचा आधार वाटला, हे तिच्याच शब्दांत टिपून घ्या. व्यक्ती कोणत्याही धर्माची वा पंथाची असो, देव मानणारी असो वा नसो. टिपण लिहिताना तिने सांगितलेला एखादा तपशील आपल्याला अनावश्यक वाटला तरी तो गाळू नका. संपर्कसत्रात त्या तपशिलावरच आपण चर्चा करू.